वेडे शास्त्रज्ञ आणि त्यांचे राक्षस: जुन्या, स्वस्तातल्या हॉरर सिनेमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्या सिनेमांबद्दल बोलताय नक्की?

अमेरिकेत साधारण १९३३ ते १९६२ या काळात बनलेले, बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट, तासा-सव्वातासाचे, अगदी थोड्या पैशात आणि थोड्या दिवसांत उरकलेले सिनेमे. गोष्ट बहुतेक वेळा तीच. एक शास्त्रज्ञ असतो, त्याला लोकांनी हाकलून दिलेलं असतं, तो आडबाजूच्या घरात तळघरात लॅब टाकतो, आणि तिथं काहीतरी जिवंत करतो किंवा असलेलं वाढवतो, मोठं करतो, बिघडवतो. मग ते बाहेर पडतं.

मी हे सिनेमे कॉलेजला असताना बघायला लागलो. हॉस्टेलवर एकाकडे पन्नास जुन्या हॉरर सिनेमांचा डीव्हीडीचा डबा होता, प्रिंट इतकी खराब की रात्रीच्या सीनमध्ये फक्त आवाज यायचा, तरी आम्ही बघायचो. तेव्हापासून लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

फ्रँकेनस्टाईन हे राक्षसाचं नाव ना?

नाही, ते त्याला बनवणाऱ्याचं आडनाव. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत राक्षसाला नावच नाही, आणि मला वाटतं की सगळ्या गोष्टीचं मूळ दुखणं तेच आहे, जन्म दिला पण नाव दिलं नाही. पुढचे सगळे स्वस्तातले सिनेमे या एका गोष्टीचीच लेकरं आहेत.

पॉव्हर्टी रो म्हणजे काय? नाव सारखं वाचण्यात येतं.

हॉलिवूडमध्ये गॉवर स्ट्रीटच्या आसपास छोट्या छोट्या फिल्म कंपन्या होत्या, त्या सगळ्यांना मिळून लोक पॉव्हर्टी रो म्हणायचे, म्हणजे गरिबांची आळी म्हणा ना. पुढं गल्ली मागं पडली पण नाव राहिलं. हॉररवाल्यांसाठी त्यातली दोन नावं महत्त्वाची, मोनोग्राम आणि पीआरसी. पीआरसी म्हणजे प्रोड्युसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन, आणि तळातली कंपनी म्हणाल तर तीच. तिथं सिग्मंड नॉयफेल्ड प्रोड्युसर आणि त्याचाच सख्खा भाऊ सॅम न्यूफील्ड डायरेक्टर, हा माणूस इतके सिनेमे काढायचा की सगळीकडे एकच नाव दिसू नये म्हणून पीटर स्टुअर्ट आणि शर्मन स्कॉट अशी आणखी दोन नावं लावायचा. त्यानं आयुष्यात दोनशेच्या वर सिनेमे केले.

पण बजेट इतकं कमी का ठेवायचे? थोडे जास्त टाकले असते तर सिनेमा चांगला झाला असता की.

हा प्रश्न मलाही खूप दिवस पडायचा, आणि उत्तर कळलं तेव्हा सगळं चित्र बदललं. त्या काळी थिएटरात एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे. पहिला मोठ्या स्टुडिओचा, त्याला तिकीटविक्रीतला टक्का मिळायचा. दुसरा भरतीचा, आणि त्याला थिएटरवाला ठरलेलं भाडं द्यायचा, बस. सिनेमा तुफान आवडला तरी तेवढंच आणि लोक झोपले तरी तेवढंच. म्हणजे प्रोड्युसरला शूटिंग सुरू व्हायच्या आधीच जवळपास माहीत असायचं की या सिनेमातून जास्तीत जास्त किती येणार, आणि मग खर्च त्याच्या खाली ठेवणं एवढंच त्याच्या हातात उरायचं. आळस नव्हता तो. लांबीसुद्धा त्यामुळेच ६०-७० मिनिटांची, कारण दोन सिनेमे मिळून एका खेळात बसायला पाहिजेत.

मग पैसे वाचवायचे कसे?

सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे दुसऱ्याचा सेट. १९३३चा 'द व्हॅम्पायर बॅट' बघा, मॅजेस्टिक नावाच्या छोट्या कंपनीचा. लायोनेल ॲटविल त्यात शास्त्रज्ञ आहे आणि फे रे हिरॉईन, तेच साल जेव्हा ती 'किंग काँग'मध्येही होती. या लोकांनी युनिव्हर्सल या मोठ्या स्टुडिओचा सेट भाड्यानं घेतला आणि रात्री शूटिंग केलं, त्यामुळं गावातल्या गल्ल्या, घराचा जिना, सगळं मोठ्या बॅनरचं दिसतं कारण ते खरंच मोठ्या बॅनरचं आहे. त्याची एक सुंदर गोष्ट सांगतो, गावकरी मशाली घेऊन धावतात त्या सीनमध्ये मूळ प्रिंटवर मशालींच्या ज्वाळा हातानं रंगवलेल्या होत्या. ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात फक्त ज्वाळा रंगीत! अमेरिकेतल्या यूसीएलएच्या फिल्म अर्काइव्हनं सिनेमा दुरुस्त केला तेव्हा तो रंगही परत आणला, शक्य असेल तर तीच प्रिंट बघा.

दुसरी युक्ती जुनी गोष्ट परत वापरायची. पीआरसीनं १९४०च्या 'द डेव्हिल बॅट'चा (त्याची गोष्ट पुढं येईलच) सांगाडा उचलून १९४६ला 'द फ्लाइंग सर्पंट' काढला, लेखकही तोच, जॉन नेव्हिल, फक्त वटवाघळाच्या जागी उडता साप आणि लोशनच्या जागी पीस.

रॉजर कॉर्मन या डायरेक्टरनं तर १९६०ला 'द लिटिल शॉप ऑफ हॉरर्स' आधीच्या सिनेमाच्या शिल्लक सेटवर मुख्यत्वे दोन दिवसांत उरकला.

लॅबमध्ये ती वीज वर वर सरकत जाते, ते काय असतं? खरं असतं का?

एकदम खरं! त्याला जेकबची शिडी म्हणतात. दोन तारा खाली जवळ आणि वर जाताना फाकलेल्या अशा उभ्या करायच्या आणि हाय व्होल्टेज द्यायचं. खाली अंतर कमी म्हणून ठिणगी तिथं पडते, ठिणगीनं हवा तापते, तापलेली हवा वर चढते आणि ठिणगीला सोबत घेऊन जाते, वर तारा एकमेकींपासून इतक्या लांब होतात की ती तुटते आणि खाली परत नवी सुरू होते. एवढंच. पण अंधारात बघितलं की अंगावर काटा येतोच.

ही सगळी यंत्रं १९३१च्या 'फ्रँकेनस्टाईन'साठी केनेथ स्ट्रिकफेडन नावाच्या माणसानं बनवली. त्यानं ती जपून ठेवली आणि १९७४ला मेल ब्रूक्सच्या 'यंग फ्रँकेनस्टाईन'मध्ये तीच यंत्रं पुन्हा चालली. मॅड सायंटिस्टची लॅब म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढं जे येतं ते या एका माणसाच्या डोक्यातनं आलेलं आहे आणि त्याचं नाव कुणाला माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. गरीब कंपन्यांकडं असली यंत्रं कुठनं येणार, त्यांच्याकडं काचेची नळकांडी, चंबू, ड्राय आइसची वाफ, आणि एक मोठा खटका. तो खटका मात्र प्रत्येक सिनेमात असतो.

पहिला कुठला बघू?

'द डेव्हिल बॅट'. जास्त विचार नको.

'ड्रॅक्युला'वाला बेला लुगोसी त्यात डॉ. कॅरुदर्स आहे, गावातला सगळ्यांचा लाडका डॉक्टर. त्यानं एका कॉस्मेटिक कंपनीला फॉर्म्युला दिला होता, तेव्हा भागीदारी न घेता रोख पैसे घेतले, आणि कंपनी त्यावर गब्बर झाली. मालक लोक वाईट नाहीत हं, ते प्रेमानं त्याला पार्टीला बोलवतात, बोनसचा चेक देतात. आणि तो चेकच त्याला लागतो. आयुष्यभराच्या कामाची बक्षिशी! शिवाय घरातल्या गुप्त लॅबमध्ये त्यानं विजेवर वटवाघळं वाढवून गरुडाएवढी केलेली आहेत, आणि एक आफ्टरशेव्ह लोशन बनवलंय ज्याच्या वासानं ती चवताळतात. मालकांच्या पोरांना तो लोशन देतो, गळ्याच्या नाजूक भागावर लावायला सांगतो, आणि जाताना माणूस म्हणतो गुड नाइट, तर हा म्हणतो गुडबाय. तो एक शब्द लुगोसी ज्या मऊपणानं म्हणतो ना, त्यासाठी मी हा सिनेमा निदान दहा वेळा पाहिलाय.

हे शास्त्रज्ञ वेडे का होतात? सगळ्यांचं कारण सारखंच वाटतं.

सारखंच आहे आणि ते विज्ञान नाहीये. अपमान आहे.

१९४२चा 'द मॅड मॉन्स्टर' घ्या, पीआरसीचाच. जॉर्ज झुको त्यात डॉ. कॅमेरॉन आहे, ज्याला विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी हसून बाहेर काढलंय. सुरुवातीलाच तो लॅबमध्ये एकटा बसलाय आणि रिकाम्या खुर्च्यांवर ते चार प्राध्यापक त्याला दिसायला लागतात, आरपार दिसणारे, आणि तो त्यांच्याशी वाद घालतो, त्यांना सिद्ध करून दाखवतो, त्यांच्यावर ओरडतो. पैसे काय लागले त्याला, एक टेबल, चार नट आणि फिल्म दोनदा एक्स्पोज करायची. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा आपल्याला बोललेल्या माणसांना मनातल्या मनात उत्तरं देत बसलेला माणूस मी दुसऱ्या कुठल्याच सिनेमात इतका खरा पाहिलेला नाही. झुको एक क्षणही खोटं करत नाही. पडदा डगमगतोय की काय अशा सेटवर तो असा उभा राहतो की जणू रंगमंचावर शेक्सपिअर चाललाय.

आणि भोगतो कोण, तर पेट्रो, त्याचा भोळा माळी. लांडग्याचं रक्त त्याच्या अंगात टोचतात आणि तो रात्री जनावर होतो, सकाळी त्याला काही आठवत नाही, तो आपला विचारत बसतो की मला असं का होतंय. तो रोल ग्लेन स्ट्रेंजनं केला, आणि पुढं १९४४पासून युनिव्हर्सलनं त्याला फ्रँकेनस्टाईनचा राक्षस म्हणून घेतलं. हा सिनेमा ब्रिटनमध्ये १९५२पर्यंत दाखवू दिला नव्हता, आणि दिला तेव्हाही रक्त चढवण्याबद्दल लोकांनी गैरसमज करून घेऊ नये अशी सूचना जोडून.

यातलं काही खरं विज्ञान होतं का?

होतं, आणि तेच जास्त भीतीदायक आहे. १८०३ला लंडनमध्ये जोव्हान्नी आल्दिनीनं फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेताला विजेच्या तारा लावल्या, जबडा हलला, एक डोळा उघडला, जमलेल्या लोकांनी ते बघितलं. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ हा सर्जन म्हातारपण घालवायला म्हणून श्रीमंत पुरुषांच्या अंगात माकडाच्या ग्रंथींचे तुकडे बसवत होता, आणि रांग लागायची. आता १९४३चा 'द एप मॅन' बघा, लुगोसी त्यात गोरिलाचं द्रव टोचून घेऊन अर्धा माकड झालाय आणि परत माणूस व्हायला त्याला माणसाच्या मणक्यातलं पाणी पाहिजे. पेपरात ग्रंथींच्या बातम्या वाचलेल्या प्रेक्षकाला हे आपल्याला वाटतं तेवढं अचाट वाटत नसणार.

१९३४ला कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॉर्निशनं मेलेली कुत्री पुन्हा जिवंत करायचे प्रयोग केले, झोपाळ्यासारख्या फळीवर वरखाली हलवून रक्त फिरतं ठेवायचं, सोबत औषधं. त्याचं खरं फुटेज 'लाइफ रिटर्न्स' नावाच्या सिनेमात आहे. मी ते एकदा पाहिलं, परत बघणार नाही. नंतर बोरिस कार्लोफ या नटानं कोलंबिया स्टुडिओसाठी १९३९पासून ओळीनं असे डॉक्टर केले जे माणूस मरणाच्या दारातून परत आणू बघतात, आणि त्यातला पहिला, 'द मॅन दे कुड नॉट हँग', तर चक्क कृत्रिम हृदयाबद्दल आहे. आज ऑपरेशन टेबलवर हृदय थांबवून मशीनवर रक्त फिरवतात ते आपल्याला रोजचं झालंय, त्या डॉक्टरला मात्र त्यासाठी फाशी देतात.

लुगोसीसारखा एवढा मोठा नट असल्या कंपन्यांत कसा काय?

'ड्रॅक्युला'साठी १९३१ला त्याला आठवड्याला ५०० डॉलर मिळाले, सात आठवडे, म्हणजे ३,५०० डॉलर. ज्या सिनेमानं युनिव्हर्सलला उभं केलं त्याचे! हंगेरीत स्टेजवर नाव कमावलेला माणूस, पण इंग्रजीचा सूर शेवटपर्यंत तोच राहिला, त्यामुळं साधे रोल मिळेनात, आणि १९३६-३७च्या सुमारास मोठ्या स्टुडिओंनी हॉरर बंदच केल्यावर कामच संपलं. मग जे येईल ते घेतलं. मोनोग्रामसाठी त्यानं नऊ सिनेमे केले. दुखण्यासाठी घेतलेल्या औषधातून मॉर्फिनचं व्यसन लागलं, आणि १९५५ला तो स्वतःहून हॉस्पिटलात गेला आणि म्हणाला मला दाखल करून घ्या. त्या काळात एखाद्या नटानं हे उघडपणे करणं साधी गोष्ट नव्हती. १९५६च्या ऑगस्टमध्ये गेला, ड्रॅक्युलाच्या झग्यातच त्याला पुरलं.

त्याचा शेवटचा बोलका मोठा रोल म्हणजे १९५५चा एड वुडचा 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर'. पैसे मिळाले एका मांसाच्या व्यापाऱ्याकडून आणि त्याचा मुलगा हिरो झाला, असा सगळा कारभार. शेवटी राक्षस म्हणून रबरी ऑक्टोपस आहे जो हलत नाही, पाण्यात पडलेला माणूस स्वतःच त्याचे पाय ओढून अंगाभोवती गुंडाळतो हे स्पष्ट दिसतं. पण त्याच सिनेमात थोडं आधी लुगोसी एका खुर्चीजवळ उभा राहून आपल्याला देशातून कसं हाकललं, बायको-मुलापासून कसं तोडलं, ते सांगतो. सत्तरी पार केलेला, वाळलेला, परदेशात राहिलेला माणूस घराबद्दल बोलतोय. ते मिनिट बघा आणि मग ऑक्टोपसवर हसायचं का ते ठरवा.

म्हणजे हसायचंच नाही का? आम्ही तर मित्र जमवून हसायलाच लावतो.

हसा की, हसू येणारच. पण फक्त हसायला म्हणून लावू नका एवढी माझी मनापासून विनंती आहे. चेष्टा करत बघितलं की आपण बोलत राहतो आणि सिनेमातल्या शांत जागा निसटतात, आणि पैसा नव्हता तेव्हा या लोकांकडं फक्त शांत जागाच होत्या, एक चेहरा, एक दिवा, मागं काळा पडदा. एकदा एकट्यानं बघा, रात्री, फोन लांब ठेवून.

'द ब्रेन दॅट वूडन्ट डाय' खूप घाण आहे म्हणतात, खरं का?

हिंसा आहे, एका सीनमध्ये हात उपटला जातो. पण माझ्या मते या सगळ्या ढिगातला हा सगळ्यात दुःखी सिनेमा आहे. न्यूयॉर्क भागात १९५९ला साधारण दोन आठवड्यांत शूट झाला आणि १९६२ला आला. सर्जनच्या गाडीला ॲक्सिडेंट होतो, होणारी बायको जॅन मरते, आणि हा तिचं मुंडकं उचलून लॅबमध्ये ट्रेमध्ये ठेवून जिवंत ठेवतो. मग तिला धड शोधायला क्लबांत, सौंदर्यस्पर्धेत फिरतो, आणि बायकांकडं ज्या नजरेनं बघतो ती नजर कॅमेरा लपवत नाही. इकडं जॅन ट्रेमधून सांगतेय की मला मरू दे. तो ऐकत नाही. कारण तो तिच्यावर प्रेम करतो!

माझी आई एकदा मागं येऊन उभी राहिली, पाचेक मिनिटं बघितलं आणि म्हणाली, अरे मरू द्या की त्या पोरीला, आणि आत गेली. सगळा सिनेमा त्या वाक्यात आहे.

व्हर्जिनिया लीथ टेबलाखाली बसून फक्त मानेच्या वरनं ॲक्टिंग करतेय, ना हात ना चालणं, आणि तरी सगळ्यांवर भारी पडते. कपाटात कोंडलेला एक जुना फसलेला प्रयोग असतो, ती दाराआडच्या त्याच्याशी बोलायला लागते, दोघं मिळून ठरवतात. तो कपाटातला म्हणजे एडी कार्मेल, खऱ्या आयुष्यातही आजारामुळं वाढतच गेलेला प्रचंड उंच माणूस. डायन आर्बसनं १९७०ला ब्राँक्समधल्या घरी आईवडिलांसोबत त्याचा फोटो काढला, तो वाकून उभा आहे आणि छताला डोकं लागेल असं वाटतं, तो फोटो जगभर गाजला. सिनेमा बघून झाला की तो फोटो शोधून नक्की बघा.

सगळे पुरुषच का शास्त्रज्ञ?

बहुतेक. पण कॉर्मनचा 'द वॉस्प वुमन' बघा, १९५९चा. सुझन कॅबट त्यात कॉस्मेटिक कंपनीची मालकीण आहे, जाहिरातीत स्वतःचाच चेहरा वापरायची, वय दिसायला लागलं तसा खप पडला. मग ती गांधीलमाशीचं द्रव स्वतःला टोचून घेते. शास्त्रज्ञ बाजूला राहतो आणि प्रयोग करणारी आणि भोगणारी एकच बाई होते. पोस्टरवर माशीचं धड आणि बाईचं डोकं आहे, सिनेमात बरोबर उलटं.

त्या कुत्र्यांच्या सिनेमाचं नाव काय?

'द किलर श्र्यूज', १९५९, टेक्सासमध्ये बनलेला. श्र्यू म्हणजे आपली चिचुंद्री. शास्त्रज्ञ माणसं लहान करायचा मार्ग शोधतोय, म्हणजे अन्न पुरेल, आणि चुकून चिचुंद्र्या कुत्र्याएवढ्या होतात, आणि हो, त्या खरंच केसाळ कातडी पांघरलेली कुत्रीच आहेत. वादळात बेटावरच्या घरात अडकलेली माणसं आणि मातीच्या भिंती कुरतडल्याचा आवाज, यातला आवाज चांगला आहे. शास्त्रज्ञ झालेला बारूक ल्युमेट हा डायरेक्टर सिडनी ल्युमेटचा बाप.

हे सिनेमे नेटवर फुकट कसे? पायरसी आहे का?

बऱ्याच सिनेमांच्या बाबतीत नाही. अमेरिकेत १९६४च्या आधीच्या सिनेमांचा कॉपीराइट २८ वर्षांनी रिन्यू करावा लागायचा. तोपर्यंत कंपन्या बुडालेल्या, विकलेल्या, कोण करणार रिन्यू. काहींनी तर सिनेमावर कॉपीराइटची ओळच टाकली नव्हती. म्हणून डेव्हिल बॅट, एप मॅन, व्हॅम्पायर बॅट, किलर श्र्यूज हे सगळे इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. एक मात्र आहे, कुणीच मालक नाही म्हणजे जपणाराही कुणी नाही, त्यामुळं टीव्हीसाठी काढलेल्या, कापलेल्या, धुरकट प्रिंटाच जास्त फिरतात. एकाच सिनेमाच्या दोनतीन प्रती उघडून बघा, फरक खूप असतो.

आपल्याकडं असं काही?

आपल्याकडं ती जागा मांत्रिकानं घेतली. १९९३चा महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आठवा, तात्या विंचूचा जीव बाहुल्यात जातो तो मंत्रानं, खटक्यानं नाही. पण तो बाहुला रामदास पाध्येंनी हातानं घडवलेला आणि आम्ही शाळेतली पोरं त्याला घाबरून रात्री पांघरुणातनं पाय बाहेर काढत नव्हतो. बाहुला आहे हे माहीत होतं. तरी घाबरलोच.

डेव्हिल बॅट पाहिला आणि आवडला, आता पुढं?

'डेव्हिल बॅट्स डॉटर', १९४६, पुन्हा पीआरसी. सिनेमा म्हणून संथ आहे, वटवाघळांची अपेक्षा ठेवू नका. पण त्यात डॉ. कॅरुदर्सची मुलगी त्या गावात येते, सगळे तिला खुन्याची पोर म्हणून बघतात, तिला स्वतःलाही वाटायला लागतं की आपल्या रक्तातच ते आहे, आणि शेवटी सिनेमा सांगतो की कॅरुदर्स भला माणूस होता, त्यानं ते खून केलेच नव्हते. पहिल्या सिनेमात आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं की त्यानंच केलेत! बऱ्याच जणांना हा निव्वळ गोंधळ वाटतो. मला मात्र आवडतं की सहा वर्षांनी का होईना कुणीतरी त्या डॉक्टरची बाजू घ्यायला आलं, आणि ती त्याची पोरगी होती.